बसून मिळणार नाही

बाई खाटेवर बसली तरी हेल्मेट काढायला तयार नव्हती.

"बू, इथे रस्ता नाही. काढा ते."

"दार लागलंय का?"

"लागलंय."

"आणि खिडकी?"

मी पडदा ओढला. तेव्हा कुठे हेल्मेट निघालं, त्याखालचा मास्क निघाला आणि लासियेम बूचा चेहरा बाहेर आला. मी चाटच पडले. ही बाई आमच्या आरोग्य केंद्राच्या फाटकावरून रोज सकाळी जाते. पाठीवर शेल्याने बांधलेली बांबूची टोपली, टोपलीत जामूच्या, म्हणजे घरगुती काढ्यांच्या, आठ काचेच्या बाटल्या, हातात गिलास विसळायची छोटी बादली. हळद-चिंचेचा जामू, तांदूळ-कचोऱ्याचा, कडू किराईताचा, आणि तिचा हुकमी एक्का म्हणजे पिंपळी नि रानआल्याचा तिखट काढा. अंगदुखी, मानदुखी, कंबरदुखी, सगळ्यांवर तोच. जामू विकणाऱ्या बायका जावा बेटावरच्या आमच्या सुकोहार्जोत गल्लोगल्ली आहेत, पण लासियेमच्या तिखट काढ्यासाठी माझेच पेशंट रांगेतून उठून बाहेर जातात आणि ओठ पुसत परत येतात. मला त्याचा रागही यायचा. आम्ही दोघी एकाच दुखण्यावर जगत होतो आणि गर्दी तिच्याकडे जास्त होती.

"काय होतंय?" मी विचारलं.

"मला कुठे काय होतंय? कंबरेला होतंय."

"किती दिवस?"

"सहा वर्षं."

"आणि तुमचा तो काढा? स्वतः पीत नाही?"

"रोज दोन गिलास."

"मग?"

"मग काय मग! म्हणून तर मागच्या दाराने आले." तिने आवाज खाली आणला. "हे बघा म्बाक, कंबरदुखीचा काढा विकणारीची स्वतःची कंबर दुखते, हे बाहेर फुटलं तर माझ्या हातचा कोण पिणार? तुम्ही प्याल?"

मी प्यायले नसते. पण तसं तोंडावर सांगवेना.

मला इथे सगळे म्बाकच म्हणतात. रेत्नानिंग्सिह एवढं लांबलचक नाव हाक मारायला कुणाला सवड नाही. पन्नाशी आली तरी म्बाकची बू, म्हणजे ताईची मावशी, होऊ दिली नाही, हे गावाचे उपकार. बावीस वर्षं मी केंद्राच्या टोकाच्या खोलीत फिजिओथेरपी करते. भाताच्या शेतातल्या पाठी, वीटभट्टीवरचे खांदे, बाटिकच्या कारखान्यात बुटक्या पाटांवर बसून आखडलेल्या माना. प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते, भिंतीजवळचा शेक देणारा लाल दिवा. त्याच्याखाली निजायचं आणि बरं होऊन घरी जायचं. व्यायाम म्हटलं की चेहरे उतरतात.

मी तिला पालथं झोपवलं. पाठीवर नाण्याने खरवडल्याचे लाल पट्टे होते, माशाच्या काट्यासारखे दोन्हीकडे ओढलेले. शेजारणीने घरगुती उपाय म्हणून तेल लावून काढले असणार. मी त्यावर काही बोलले नाही, कारण गेल्याच महिन्यात माझ्या पाठीवरही होते.

मग तिने पिशवीतून एक मोठं पाकीट काढलं. त्यात दोन वर्षांपूर्वीचा एक्स-रे होता आणि त्या एक्स-रेबरोबर शहरातल्या हाडांच्या डॉक्टरने सांगितलेलं वाक्य तिला तोंडपाठ होतं. मणक्यांची झीज झालीय, वाकू नका, ओझं उचलू नका, नाहीतर एक दिवस कायमच्या आडव्या व्हाल. ओझं सोडणं शक्य नव्हतं, ते तिने सोडलं नाही. वाकणं मात्र तेव्हापासून बंद केलं. खाली पडलेला रुमाल ती पायाच्या बोटांनी उचलायची. टोपली उचलताना श्वास कोंडून, अंग लाकडासारखं ताठ करून उठायची. डॉक्टरचं तिने अर्धं ऐकलं होतं, आणि नेमकं ऐकू नये ते अर्धं.

"बू, तुमच्या वयाची दहा माणसं आणा. एक्स-रे काढला तर सात-आठ जणांत हीच झीज दिसेल. आणि त्यातल्या कितीतरी जणांचं काहीही दुखत नसेल."

"मग माझंच का दुखतं? माझ्यावर काय विशेष मर्जी?"

"सहा वर्षांपूर्वी कधीतरी खरंच दुखावली असेल. ती जखम केव्हाच भरली. पण गल्लीतल्या गस्तीवाल्याने एकदा चोर बघितला की पुढे मांजर दिसलं तरी तो लाकडी ढोल बडवत सुटतो. तसं झालंय. ढोल खरा आहे, चोर नाही."

तिने बराच विचार केला. "मग त्या मेल्याला हाकला."

"हाकलता येत नाही. त्याला रोज थोडं थोडं दाखवावं लागतं, बाबा रे, हे मांजरच आहे. वाकून दाखवायचं, उठून दाखवायचं, ओझं उचलून दाखवायचं. हळूहळू."

"म्हणजे टोपली सोडा, असं नाही सांगणार?"

"तुम्हाला काय हवंय ते आधी सांगा. मग बघू."

आजवर हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. ती उठून बसली, कपडे नीट केले आणि एखाद्या साहेबाकडे अर्ज द्यावा तशी बोलली. "दुखणं राहिलं तरी चालेल. मला माझी फेरी हवी. पाठीवर टोपली, बाजार, बाटिकचा कारखाना, शाळा, पार वीटभट्टीपर्यंत. माझा मुलगा म्हणतो, घरात टेबल टाकून बस. मला बसून मरायचं नाही, म्बाक."

हे ऐकून मला ती आवडायला लागली.

पहिल्या दिवशी मी तिला गुडघे दुमडून पाठीवर निजायला, कंबर उचलायला, स्टुलावरून हात न टेकता उठायला शिकवलं. दहाव्या उठाबशीला ती लाल दिव्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो द्या ना जरा."

"दिवा शेवटी. आधी अजून दहा."

"लाच देता का हो?"

"घेणारे आहेत म्हणून देते."

मग मी टोपलीचा तक्ता केला. आठ बाटल्यांच्या चार. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी इथे सराव. आणि एक नियम, तो मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला: दुखलं म्हणून कमी नाही, बरं वाटलं म्हणून जास्त नाही, ठरलं तेवढंच. बाटल्या निम्म्या का झाल्या म्हणून गिऱ्हाइकं विचारायला लागली, तर तिने यंदा रानआलं मिळत नाही अशी हूल उठवली. ती इतकी पसरली की माझ्या सासूने रानआलं साठवून ठेवलं.

चार आठवडे ती हेल्मेट घालून, मागच्या दाराने, एकही दिवस न चुकवता आली. पाचव्या सोमवारी निघताना हेल्मेट तिच्या हातून सुटलं आणि खाटेखाली गडगडत गेलं. मी उचलायला वाकणार, तोवर ती स्वतःच गुडघे दुमडून खाली बसली, हात घालून हेल्मेट ओढलं आणि उभी राहिली. मग हातातल्या हेल्मेटकडे बघतच राहिली.

"म्बाक, मी वाकले की!"

"बघितलं मी."

"दोन वर्षांनी वाकले!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात सगळं फिसकटलं, आणि त्यात माझी चूक तिच्याहून मोठी होती.

आमच्याकडे दिवस दोन हिशोबांनी चालतात. सात दिवसांचा आठवडा सरकारचा, पाच दिवसांचा बाजाराचा. माझा तक्ता सरकारी होता. लासियेमचं सारं आयुष्य मात्र लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन या पाचांवर चालतं, आणि क्लिवोनला आमचा बाजार भरतो. त्या खेपेला क्लिवोन शुक्रवारी आला. शुक्रवारचा क्लिवोन म्हणजे पुण्याचा दिवस, लोक कबरींवर फुलं घालायला निघतात, बाजारात पाय ठेवायला जागा नसते. जामू विकणारी बाई त्या दिवशी निम्मी टोपली घेऊन जाईल, असं मला वाटलं तरी कसं? छे, मला तर त्या दिवशी क्लिवोन आहे हेच सुचलं नव्हतं. तिला बरं वाटत होतं, कंबर वाकत होती. तिने आठही बाटल्या भरल्या, सकाळची फेरी केली, पुन्हा भरल्या, दुपारची केली, वीटभट्टीपर्यंत जाऊन आली. शनिवारी तिला चटईवरून उठता येईना.

शुक्रवारचा सराव चुकलाच होता; सोमवारी ती आली नाही, बुधवारी आली नाही. मला राहवेना. केंद्राचा गणवेश अंगात, केंद्राची पाटी लावलेली स्कूटर, अशी मी तिच्या वस्तीत गेले आणि भाताच्या खानावळीपाशी थांबून मोठ्याने विचारलं, "ती कंबर धरलेली लासियेम बू कुठे राहते?"

खानावळीतल्या पाच बायकांचे चमचे पाच ठिकाणी थांबले. मी तशीच स्कूटर मागे वळवली.

ही माझी जीभ! पेशंटचं दुखणं पोटात ठेवायचं, हे मी शिकाऊ पोरींना दर वर्षी बजावते. आणि मी स्वतः ते चव्हाट्यावर मांडून आले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. दारात तिचा मुलगा गुनार्दी उभा होता. सेमारांगला गोदामात सुपरवायझर आहे, आईचं कळताच पहाटेच्या बसने आला होता. टोपली त्याने वर आढ्याला टांगून ठेवली होती.

"तुम्हीच का त्या थेरपीवाल्या?" तो म्हणाला. "तिला टोपली उचलायला तुम्हीच लावलं. डॉक्टर नको म्हणाले होते ना?"

"हो," मी म्हटलं, "मीच लावलं."

"मग आता बघा काय झालंय ते. मी कमावतो. माझ्या आईने बाटल्या वाहाव्यात असं काय अडलंय? आता ती काही उचलणार नाही. तिची कंबर..."

"गुनार," आतून चटईवरून आवाज आला, "मी मेल्यासारखं माझ्याबद्दल बोलू नकोस. आणि तुम्ही, म्बाक, आत या. लई वाजवलीत माझी कंबर खानावळीवर."

मी आत जाऊन तिच्याजवळ बसले. "चुकलं, बू."

"चुकलंच," ती म्हणाली. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी तिला तपासलं. पाय उचलून पाहिले, बोटं हलवायला लावली, टाचांवर, चवड्यांवर जोर द्यायला लावला. पायांत ताकद होती, मुंग्या नव्हत्या.

"काही तुटलं का?" तिने छताकडे बघत विचारलं. या एका प्रश्नाने ती पाच दिवस झोपली नव्हती, ते मला तिच्या आवाजात कळलं.

"काही तुटलेलं नाही. हा भडका आहे, बू. बसेल खाली आठ-दहा दिवसांत. पण झोपून राहू नका, घरातल्या घरात फिरत राहा."

"गस्तीवाला?"

"गस्तीवालाच. त्याला तुम्ही आत्ता कुठे मांजर ओळखायला शिकवत होतात, आणि एकदम हत्ती आणून उभा केलात."

ती हसली, हसताना कळ आली, कळ आली म्हणून शिवी दिली. मग म्हणाली, "पण तुमच्या तक्त्यात क्लिवोन कुठे होता?"

"नव्हता."

"जामूवालीचा तक्ता करता आणि बाजाराचा दिवस धरत नाही? कसली शिकलेली तुम्ही!"

तिचं बरोबर होतं. आपण पेशंटला म्हणतो, शिस्त पाळली नाही. पण शिस्त तिच्या दिवसांना धरून केलेली असायला नको का? मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, जावाचे पाच दिवस त्यावर छापलेले होतेच, आणि आम्ही दोघींनी चटईवर बसून नवा तक्ता मांडला. पोनला तीन बाटल्या. वागेला दोन, कारण उद्या बाजार. क्लिवोनला चार, पुढे जमलं तर पाच. लेगीला टोपली नाही, नुसता व्यायाम. पाहिंगला पुन्हा दोन. वीटभट्टी दूर पडत होती, चढही होता. ती मी खोडली नाही. तिनेच माझ्या हातातलं पेन घेऊन खोडली, आणि पेन परत देताना माझ्याकडे बघितलं नाही.

गुनार्दी दारातून हे सगळं बघत होता. "आणि लोक?" तो म्हणाला. "उद्या तू सोन्याची टोपली घेऊन गेलीस तरी तुझा काढा कोण पिणार आहे, आई? सगळं गाव हसतंय."

माझी मान खाली गेली.

"लोकांचं मी बघते," लासियेम म्हणाली. "तू ती टोपली खाली काढ."

"नाही काढणार."

ती कुशीवर वळली, हातावर जोर देऊन बसली, मग भिंतीला धरून उभी राहिली. वेळ लागला. मी शिकवलं होतं तशी श्वास सोडत उठली. कोपऱ्यातलं स्टूल ओढत आढ्याखाली आणलं आणि त्यावर एक पाय ठेवला.

"आई!"

"काढतोस, का मी चढू?"

गुनार्दीने टोपली खाली काढली. धूळ झटकून तिच्यासमोर ठेवली. नंतर मला स्कूटरपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "लहानपणापासून ही अशीच आहे." तक्रार होती की कौतुक, त्याचं त्यालाही माहीत नसावं.

भडका बसल्यावरच्या पहिल्या क्लिवोनला ती कारखान्यावर जाणार, हे मला तिने सांगितलं आणि तुम्ही येऊ नका असंही बजावलं. मी गेलेच. जावयासाठी सदऱ्याचं कापड बघायचं निमित्त केलं.

बाटिकचा हा कारखाना बू हाजा मुर्तिनीचा. हज करून आलेली, हातात सोन्याच्या बांगड्या, गुडघ्यांनी जेरीला आलेली. दिवसभर उशी घातलेल्या वेताच्या खुर्चीत बसते आणि तिथूनच सगळं हाकते. समोर मेणाच्या कढल्यांभोवती बारा बायका बुटक्या पाटांवर वाकून कापडावर नक्षी काढत असतात. त्यांतल्या तिघी माझ्याकडे येऊन गेलेल्या. लाल दिवा घेऊन गेल्या, पुन्हा आल्या नाहीत.

लासियेम फाटकातून आत आली. हेल्मेट नाही, मास्क नाही, चार बाटल्या. एरवी ती खाली बसून टोपली जमिनीवर ठेवायची आणि कंबर ताठ धरून एकेकीच्या हातात गिलास द्यायची. आज तिने टोपली अंगणाच्या कडेच्या कट्ट्यावर टेकवली आणि उभी राहिली.

"आलीस का?" मुर्तिनी खुर्चीतून म्हणाली. "आज काढा कुणासाठी आणलाय, आमच्यासाठी की तुझ्यासाठी?"

बायका फिसकन हसल्या. त्यांच्यातली थोराड सार्मी, कारखान्याची जीभच ती, म्हणाली, "बू, तुमचीच कंबर गेली म्हणतात."

"गेली नाही, इथेच आहे," लासियेम म्हणाली. "दुखते. सहा वर्षं दुखते. इतके दिवस तुमच्यापासून लपून दुखत होती, आता तुमच्यासमोर दुखेल."



"मग हा काढा?" सार्मीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तू किती वर्षं पितेस?"

"एकोणीस."

"मान दुखायची थांबली?"

सार्मीने मानेवर हात नेला. "तशी... नाही."

"मग मला काय विचारतेस? काढ्याने अंगात ऊब येते. ती ऊब असेतो उठायचं, चार पावलं चालायचं, हातपाय मोकळे करायचे. माझी आई हेच सांगायची, प्या आणि उठा. मीच येडी, तुम्हाला बसल्या जागी नेऊन देत राहिले. तुम्ही बसून प्यायलात, मी कंबर ताठ धरून वाढलं, दोघींचीही वाट लागली." तिने पहिला गिलास भरला आणि कट्ट्यावर ठेवला. "आजपासून बसून मिळणार नाही. ज्या बाईला हवा असेल तिने उठून इथवर यायचं."

तिच्या आईने खरंच असं काही सांगितलं होतं का, हे मला आजवर कळलेलं नाही. मी विचारलंही नाही.

"आणि माझं मेण?" मुर्तिनी कडाडली. "सगळ्या उठल्या तर मेण गार होईल!"

"मेण गार झालं तर पुन्हा चुलीवर चढवता येतं, बू हाजा. ह्यांना कशावर चढवणार?"

सार्मी उठली. तिचे गुडघे कडकन वाजले, ते मला कापडाच्या गठ्ठ्याआड ऐकू आलं. मग दुसरी उठली, तिसरी उठली. लासियेमने त्यांना नुसतं उठू दिलं नाही. हात वर करा, कमरेवर ठेवा, मागे झुका, टाचा उचला. माझ्याच खोलीतले व्यायाम, पण क्रम उलटा आणि एक तर साफ चुकीचा. मला गप्प बसवेना, तरी बसले. तेवढ्यात एकीने मला बघितलं.

"म्बाक! हे बरोबर आहे का हो?"

बाराही जणी वळल्या, लासियेमही. माझ्या खानावळीवरच्या चुकीची आठवण तिच्या डोळ्यांत स्पष्ट होती.

"हात अजून वर," मी म्हटलं. "बाकी सगळं बरोबर."

रोजच्या शिरस्त्याप्रमाणे मुर्तिनीने खुर्चीतून हात पुढे केला. लासियेमने तिचा गिलास भरला, सगळ्यांत तिखट, आणि कट्ट्यावर ठेवला. खुर्चीपासून कट्टा आठ पावलं असेल.

"तुमचा इथे आहे, बू हाजा."

"इकडे आण."

"इथे आहे."

"लासियेम, या फाटकातून तुझं येणं मी बंद करीन."

"करा. फाटक तुमचं आहे. पाठ माझी आहे."

मुर्तिनी उठली नाही. तो गिलास लासियेमने स्वतः पिऊन टाकला, विसळला आणि टोपली पाठीवर घेऊन निघून गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी फाटकाला आतून कडी होती. लासियेम बाहेरच्या बुटक्या भिंतीवर टोपली टेकवून उभी राहिली, कुणाला हाक मारली नाही. मी समोर नळावर स्कूटर धूत होते. धुण्यासारखी ती नव्हती. थोड्या वेळाने कडी सरकली आणि सार्मी बाहेर आली. तिच्यामागे दोघी, मग चौघी, मग बाकीच्या. कट्ट्यापर्यंत आठ पावलं होती, रस्त्यापर्यंत चाळीस झाली. बारा बायका भर उन्हात रस्त्याच्या कडेला टाचा उचलत, हात आकाशाकडे करत उभ्या. शाळेत निघालेले दोन मास्तर सायकली थांबवून बघायला लागले, त्यांनाही तिने गिलास मिळण्याआधी हात वर करायला लावलं.

आतून मुर्तिनीच्या हाका ऐकू येत होत्या. कुणी ऐकेना, तेव्हा ओरडायला तिला स्वतःलाच खुर्ची सोडावी लागली. भिंतीला धरत, अडखळत ती फाटकाच्या गजांपर्यंत आली.

"आलाच आहात तर घ्या," लासियेम म्हणाली आणि गिलास गजांतून आत धरला.

मुर्तिनीने तो घेतला नाही. पण ती परतही गेली नाही, तिथेच गजांना धरून दम खात उभी राहिली. लासियेमने गिलास भिंतीवर तिच्या हाताशी ठेवला आणि बाटल्यांना बुचं लावली.

मग ती टोपली उचलायला वळली. शेला खांद्यावरून घेतला, गुडघे दुमडले, पाठ भिंतीकडे केली आणि उठता उठता मध्येच थांबली. कळ आली होती. मला इतक्या लांबून कळलं, तर समोरच्यांना कळलंच असणार. पूर्वी अशा वेळी ती भिंतीकडे तोंड करून शेला सारखा करत असल्याचं नाटक करायची, हे तिनेच मला सांगितलं होतं. आज तिने एक हात सगळ्यांदेखत कमरेवर ठेवला.

सार्मी पुढे झाली. "दुखतंय का, बू?"

"दुखतंय."

"धरू?"

"नको. थांब जरा."

बारा जणी थांबल्या, मास्तर थांबले, गजांआड मुर्तिनी थांबली. लासियेमने श्वास सोडला, एकदा, दोनदा. मग ती सरळ उभी राहिली, शेल्याची गाठ छातीशी घट्ट ओढली, बादली उचलली आणि शाळेच्या रस्त्याने चालू लागली.